दोन प्यादी वर

बाबांचा फोन आला तेव्हा मी अंधेरीच्या ऑफिसात एका साहेबांच्या कॉम्प्युटरसमोर उकिडवी बसून वायरी तपासत होते. माझं कामच ते. त्यामुळे घरात कुणाचा मोबाइल अडकला, कुणाचा पासवर्ड हरवला, टीव्हीवर इंटरनेट चालेना, की माझी आठवण येते. एरवी येत नाही.

"ते एंडगेमचा डेटाबेस म्हणतात, तो मला बसवून पाहिजे," बाबा म्हणाले. कशी आहेस नाही, कामात आहेस का नाही. "या रविवारी ये. एका माणसाचं तोंड बंद करायचंय."

तो माणूस म्हणजे बोरिवलीला बाबांच्या सोसायटीत नुकतेच राहायला आलेले एक निवृत्त इंजिनिअर. बाबांकडे रविवारी सकाळी तीन-चार म्हातारे बुद्धिबळ खेळायला जमतात. त्यात कुणी नवा आला की बाबा त्याला आधी एक परीक्षा देतात. पटावरचे सगळे मोहरे उचलायचे आणि मोजकेच परत मांडायचे: पांढऱ्याचा राजा, हत्ती आणि दोन प्यादी, काळ्याचा राजा आणि नुसता हत्ती. मग विचारायचं, "सांगा, काय होणार?" नवा माणूस म्हणतो, पांढरा जिंकणार, दोन प्यादी वर आहे की. मग बाबा मांडीवर थाप मारतात. "बघा! तुम्हाला कळलं. शेंबड्या पोरालाही कळेल. आमच्या चिरंजीवांनी इथे बरोबरी घेतली."

इंजिनिअर काका मात्र पटाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "एफ आणि एच या उभ्या पट्ट्यांतली ही दोन प्यादी असली तर बहुतेक बरोबरीच होते ना? कुठेतरी वाचलंय मी."

बाबांच्या इतक्या वर्षांच्या कार्यक्रमात असं कुणी म्हटलं नव्हतं.

तो डाव माझा भाऊ खेळला तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि मी नऊ. घाटकोपरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये ज्युनिअरची निवड स्पर्धा होती. शेवटच्या फेरीत जिंकला तर दादा राज्याच्या संघात जाणार होता. बाबा दोरीच्या पलीकडे उभे राहून सबंध डाव बघत होते. दादाने आधी एक प्यादं मारलं, नंतर दुसरं. मग दुपारभर तो ती दोन प्यादी पुढे सरकवायला बघत राहिला आणि समोरचा मुलगा हत्तीने शह देत राहिला. शेवटी दादाने हात पुढे केला. अर्धा गुण. संघात दुसराच कुणी गेला.

हे सगळं मला नंतर कळलं. मी पाहिलं ते घरातलं. दोघं घरी आले, बाबांनी चपला काढल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हणाले, "आजपासून याला अर्धं वाढायचं. अर्धा गुण घेऊन आलाय ना, अर्धं ताट." आईला वाटलं, रागाच्या भरात बोलतायत. पण ते समोर बसले. दादाच्या ताटातली पोळी त्यांनी स्वतः मधोमध फाडली आणि अर्धी परत डब्यात टाकली. भाताची मूद चमच्याने कापली. माशाची एकच तुकडी होती, तिचाही अर्धा भाग काढून माझ्या ताटात ठेवला. मी खाल्ला. नऊ वर्षांच्या मुलीला सुरमई आवडते.

हे महिनाभर तरी चाललं. दादाने एकदाही मागून घेतलं नाही. बुद्धिबळ त्याने त्याच आठवड्यात सोडलं. पण नाव चिकटलं. बाबा त्याला 'अर्ध्या' म्हणायला लागले. पाहुण्यांसमोर अर्ध्या, शाळेच्या फाटकाशी अर्ध्या. त्याच्या लग्नात स्टेजवर वहिनीच्या वडिलांचा हात हातात घेऊन म्हणाले, "आमच्या अर्ध्याला तुम्ही सगळी मुलगी दिलीत, उपकार आहेत." लोक हसले. वहिनीचे वडील बिचारे तेही हसले. त्यांना वाटलं लाडाचं नाव असेल.

दादा आता मुलुंडला राहतो, विम्याचे दावे तपासतो. बोरिवलीला तो दिवाळीला यायचा, पाडव्याचं जेवून निघायचा. त्यातही कुणी नवा पाहुणा आला असेल तर पट निघायचाच.

रविवारी मी गेले. कॉम्प्युटर बाबांच्या खोलीत नव्हता, हॉलमध्ये होता, सगळ्यांना दिसावा असा. त्यावर एक जुना फुकटचा बुद्धिबळाचा प्रोग्राम होता, बाबा त्याच्याशी रोज खेळायचे आणि हरले की वीज गेली म्हणायचे.

एंडगेमच्या, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्याच्या, त्या डेटाबेसला टेबलबेस म्हणतात; ही भानगड मी आदल्या दिवशी वाचून घेतली होती. समजायला सोपी आहे. पटावर राजे धरून सहा किंवा त्याहून कमी मोहरे उरले, की जेवढ्या म्हणून स्थिती शक्य आहेत तेवढ्या सगळ्यांचा निकाल कुणीतरी आधीच काढून ठेवलेला आहे. हा जिंकणार, हा हरणार किंवा बरोबरी. प्रोग्रामने तिथे विचार करायचाच नसतो, नुसतं उघडून बघायचं. वाद नाही, मत नाही. मात्र या फायली शंभर जीबीच्या वर असतात. मी बाहेरून लावायची एक हार्ड डिस्क नेली आणि डाउनलोड सुरू करून दिलं. ते कित्येक दिवस चाललं. बाबा रोज फोन करून किती टक्के झाले ते सांगायचे, जणू घर बांधतायत.

सगळं उतरल्यावर मी पुन्हा गेले, प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये फोल्डरचा पत्ता टाकला आणि बाबांनी स्वतःच्या हाताने ती चार मोहऱ्यांची आणि दोन प्याद्यांची मांडणी स्क्रीनवर केली. राजा, हत्ती, दोन प्यादी. राजा, हत्ती. प्रोग्राम थोडा वेळ घुमला आणि वरच्या पट्टीत आकडा आला. अधिक दोन पूर्णांक काहीतरी. म्हणजे पांढऱ्याची बाजू भक्कम.

बाबा उभेच राहिले. "आलं! अधिक दोन! मशीन सांगतंय!" त्यांनी आईला हाक मारली, आई पोळ्या लाटत होती, ती आली नाही. मग त्यांनी दादाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अर्ध्या, तुझ्या बहिणीने एंडगेमचा डेटाबेस बसवलाय. देवाचा निकाल म्हणतात याला. तुझा डाव घातला. अधिक दोन दाखवतोय. जिंकलेला होता, गधड्या. मी सांगत होतो ना?"

मग दादाचा आवाज, अगदी सपाट. "तिला फोन द्या."

मी फोन घेतला, स्पीकर बंद केला.

"डेटाबेस लागलेलाच नाहीये," दादा म्हणाला. "लागला असता तर अधिक दोन असा आकडा येऊच शकत नाही. तो अंदाज आहे प्रोग्रामचा. खाली एक ओळ असते, त्यात टेबलबेस किती वेळा उघडला ते लिहिलेलं असतं. काय आहे तिथे?"

मी पाहिलं. "शून्य."

"फायली एकाच फोल्डरमध्ये आहेत की आत आणखी फोल्डर आहेत?"

"आत तीन आहेत."

"मग तिन्हींचा पत्ता वेगवेगळा दे. तो स्वतः आत जाऊन शोधत नाही."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की ज्या माणसाने सोळाव्या वर्षी पटाला हात लावायचा बंद केला, त्याला हे सगळं माहीत होतं. त्याच्या घरी हे केव्हापासूनच बसवलेलं असणार. तो डाव त्याने किती वेळा घालून पाहिला असेल कोण जाणे. आणि तरी दर दिवाळीला तो बाबांसमोर बसून तेच ऐकत आला होता, फराळाची ताटली मांडीवर घेऊन.

"तू कधी बोलला का नाहीस?" मी हळू विचारलं.

"तू पत्ते टाक," तो म्हणाला.

मी तिन्ही पत्ते टाकले, मध्ये स्वल्पविराम देऊन. पुन्हा शून्य. दादा म्हणाला, स्वल्पविराम नाही, अर्धविराम लागतो त्याला. तो दिला. ओळीतला आकडा हलायला लागला, पण नेमकी आमचीच मांडणी घातली की परत शून्य. शोधता शोधता सापडलं, की हत्ती आणि दोन प्याद्यांची फाइल अर्धवट उतरली होती. बाकी सगळी कोठारं भरलेली आणि नेमकं तेच रिकामं. ती पुन्हा उतरवायला लावली. बाबा मागे येरझाऱ्या घालत होते. "आता कशाला हात लावतेस? चाललं होतं ना व्यवस्थित?"

फाइल आली. प्रोग्राम बंद करून परत चालू केला. मांडणी घातली. या वेळी तो घुमलाच नाही.

शून्य शून्य. बरोबरी.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. ते अगदी जवळ जाऊन बघत होते आणि मी त्यांच्या मानेच्या सुरकुत्यांकडे बघत मनात म्हणत होते, बघा, नीट बघा.

"बिघडवलंस तू," ते म्हणाले.

त्यानंतर माझे कित्येक रविवार त्यातच गेले. बाबांनी हार मानली नाही. फाइल खराब असेल, म्हणून मी प्रत्येक फाइल मूळ प्रतीशी जुळते का ते तपासणारा प्रोग्राम चालवला. जुळत होत्या. मग त्यांनी कुठूनतरी ऐकलं, की पन्नास चालींत प्यादं हललं नाही आणि काही मारलं गेलं नाही तर बरोबरी धरतात, त्या नियमामुळे मशीन अडत असेल. "तो नियम काढ." सेटिंगमध्ये ती सोय आहे, मी काढला. शून्य शून्य. मग राजा एक घर इकडे होता म्हणाले. मग म्हणाले, चाल पांढऱ्याची होती, काळ्याची नव्हे. प्रत्येक वेळी शून्य शून्य. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून एक वाक्य. "बायकांच्या हातात मशीन दिलं की हेच." किंवा, "ऑफिसात तुला ठेवलंय कसं?" एकदा माझ्या नवऱ्यासमोर म्हणाले, "हिच्यापेक्षा तो अर्ध्या बरा, त्याला निदान हरला नाही म्हणता येतं."

मी जाणं बंद केलं. मग बाबांनी बोरिवली स्टेशनजवळच्या एका दुकानातून माणूस बोलावला. त्या माणसाने कॉम्प्युटर उघडला, धूळ झटकली, सगळ्या वायरी काढून परत लावल्या आणि गेला. दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. इतकं खूश मी त्यांना माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"दुरुस्त झालं! अधिक दोन! म्हणजे तूच घोळ घातला होतास. रविवारी ये, सगळ्यांना बोलावलंय. इंजिनिअरलाही. आणि अर्ध्याला सांग, तोंड दाखव म्हणावं."

मला कळलं होतं काय झालं असणार ते. पण मी फोनवर बोलले नाही. दादाला मात्र सगळं सांगितलं. तो म्हणाला, "येतो ना. झकास."

रविवारी हॉल भरला होता. नेहमीचे तीन म्हातारे, इंजिनिअर काका आणि त्यांची बायको, वरच्या मजल्यावरचं एक जोडपं. आईने बटाटेवडे केले होते. दादा सगळ्यात शेवटी आला, दाराजवळच्या खुर्चीवर बसला. बाबांनी त्याला नमस्कारही करू दिला नाही.

"या, अर्धे साहेब. आज निकाल आहे तुमचा."

त्यांनी मांडणी घातली. अधिक दोन. बाबांनी वळून इंजिनिअर काकांकडे पाहिलं आणि दोन्ही हात पसरले. काका बिचारे म्हणाले, "असेल बुवा. मी आपलं वाचलं होतं."

"वाचून काय होतं? खेळावं लागतं," बाबा म्हणाले. मग दादाकडे बोट. "आणि याच्यासारखं खेळून तरी काय होतं? दोन प्यादी वर! अहो, माझ्या आईने जिंकला असता हा डाव, तिला पट उलटा की सुलटा कळत नव्हता."

सगळे हसले. दादाही हसला. मग मला म्हणाला, "खालची ओळ वाच गं जरा."

मी उठले. "शून्य. डेटाबेस लागलेला नाहीये. वायर काढून लावली तेव्हा डिस्कचं अक्षर बदललं. आधी ई होतं, आता एफ आहे. प्रोग्राम अजून जुन्याच पत्त्यावर शोधतोय."

"हात लावू नकोस!" बाबा ओरडले.

"लावू दे ना," इंजिनिअर काका म्हणाले. त्यांना आता रस वाटायला लागला होता.

मी ई पुसून एफ लिहिलं. तीनदा. प्रोग्राम बंद, चालू. मांडणी तीच, बाबांनीच घातलेली. शून्य शून्य. काकांनी वडा खाली ठेवला. "म्हणजे बरोबरीच. मी म्हटलंच होतं."

इथे हे संपलं असतं तर बरं झालं असतं. म्हातारे बूट शोधायला लागले होते. पण दादा उठून कॉम्प्युटरपाशी आला आणि खुर्ची ओढून बसला.

"बाबा, आता तुमचा कपवाला डाव बघू."

शोकेसमध्ये बाबांचा एक कप आहे, ऑफिसांच्या आपसातल्या स्पर्धेतला. त्यातला शेवटचा डाव आम्ही दोघांनी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलाय, की मला बुद्धिबळ येत नाही तरी चाली पाठ आहेत. दोघांकडे एक-एक हत्ती, एक-एक प्यादं. सगळे म्हणत होते बरोबरी, आणि बाबांनी राजा पुढे न्यायच्या ऐवजी एक घर मागे नेला. 'कुणाला कळलं नाही मी मागे का गेलो,' असं म्हणून बाबा नेहमी थांबायचे, समोरच्याने 'का?' विचारेपर्यंत.

दादाने मोहरे मांडले. "इथे बरोबरी," तो म्हणाला. मोठ्याने, वर्गात शिकवल्यासारखा. "आता बाबांची प्रसिद्ध चाल. राजा मागे." त्याने राजा मागे नेला. "हरले."

"काय?" एक म्हातारा म्हणाला.

"बाबा इथे हरलेत. समोरच्याने हत्ती बाजूला घेतला असता तर संपलं होतं. त्याला दिसलं नाही. त्याने प्यादं ढकललं. परत बरोबरी. आता बाबांचा शह. पुन्हा हरले."

वरच्या मजल्यावरची बाई फिसकन हसली. मग इंजिनिअर काका हसले, मग सगळेच. दादा थांबला नाही. एकेक चाल, एकेक निकाल. "हरले. बरोबरी. हरले." बाबा सोफ्यावर बसले होते, हात गुडघ्यांवर. एकदा म्हणाले, "पुरे." दादा म्हणाला, "थांबा ना, अजून आहे. समोरच्याने इथे हत्ती फुकट दिला. म्हणून तुम्ही जिंकलात. तो काय करत होता हो, झोपला होता का?"

आई दारात उभी होती, हातात झारा. ती तिच्या मालवणीत म्हणाली, "आता जेवानच जा रे," एवढंच. कुणाला म्हणाली कळलं नाही.

त्या दिवसापासून बाबांकडचा रविवार बंद झाला. म्हातारे इंजिनिअर काकांकडे जमायला लागले. आणि दादा, जो वर्षातून एकदा यायचा, तो दर रविवारी मुलुंडहून बोरिवलीला यायला लागला. येताना मिठाई आणायचा. चहा घ्यायचा आणि म्हणायचा, "चला बाबा, बसू." बाबांचे लहानमोठे जेवढे म्हणून डाव त्यांनी आम्हाला ऐकवले होते, ते सगळे त्याने एकेक करून घातले. कधी कधी नवा खेळ काढायचा. बाबांना ती दोन प्यादी वर असलेली बाजू द्यायचा, समोर मशीन. "जिंकून दाखवा." मशीन चुकत नाही, त्याला चुकताच येत नाही. बाबा माऊस धरून बसायचे, प्यादं भलत्याच घरावर पडायचं. दादा मागे उभा राहून म्हणायचा, "तुमच्या आईने जिंकला असता ना?"

बाबा नाही म्हणायचे नाहीत. मला ते कळत नसे. उठून आत जाऊन झोपावं, एवढं सोपं होतं. पण रविवार आला की आंघोळ करून, शर्ट घालून ते कॉम्प्युटरसमोर बसलेले असायचे.

एकदा मी दादाला जिन्यात गाठलं. "बस झालं रे. म्हातारा झालाय तो."

"मी सोळाचा होतो," दादा म्हणाला. "तेव्हा कोण म्हणालं बस झालं?"

"मी नऊची होते."

"तुला नाही म्हणत मी. पण आता तू मध्ये पडू नकोस."

पावसाळा संपत आला होता त्या सुमाराची एक दुपार. मी होते त्या दिवशी. बाबा बराच वेळ ती दोन प्यादी घेऊन बसले होते, परत बरोबरी झाली, आणि त्यांनी माऊस सोडून दिला.

"तुला तेव्हा ठाऊक होतं?" त्यांनी दादाला विचारलं. अर्ध्या म्हणाले नाहीत. "ही बरोबरी आहे म्हणून?"

"हो."

"कसं?"

"लायब्ररीतल्या पुस्तकात होतं. एफ आणि एच. पाठ होतं मला. तरी दुपारभर खेळलो, तो चुकेल म्हणून."

"मग बोलला का नाहीस?"

दादा त्यांच्याकडे वळला. "बोललो होतो. हॉलच्या बाहेर, उसाच्या रसाच्या गाडीपाशी. मी म्हटलं, बाबा, पुस्तकात बरोबरीच दिलीय. तुम्ही माझ्या थोबाडीत मारलीत. रसवाल्याने चरक थांबवला. मग तुम्ही दुसरी मारलीत आणि म्हणालात, पुस्तक दाखवतो मला."

बाबांनी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, मी त्यांचा चेहरा पाहिलाय. मग त्यांनी मान हलवली.

"नाही रे. मला नाही आठवत."

"काहीच नाही?"

"उसाचा रस प्यालो होतो का आपण?"

दादा उठला. आईने पुढे केलेली सोलकढीची वाटी त्याने घेतली नाही. बूट घातले, नाड्या बांधल्या, आणि गेला. त्यानंतर तो त्या घरात आलेला नाही. दिवाळीलाही नाही.

तो गेला त्या संध्याकाळी मी भांडी घासताना आईला विचारलं, "तेव्हा तू त्याला अर्धं का वाढायचीस? बाबा ऑफिसात गेल्यावर तरी द्यायचंस."

आई कढई घासत राहिली. "नायतर तेवढांव मिळाला नसता तेका," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि हे ऑफिसातून येऊन पोळ्यांचो डबो मोजीत."

मी याआधी आईला हे कधी विचारलं नव्हतं, तेव्हा तिने किती वर्षं ते मनात धरून ठेवलं होतं ते मला ठाऊक नाही. तिनेही पुढे काही सांगितलं नाही.

आता बाबांकडे पुन्हा माणसं यायला लागली आहेत. इंजिनिअर काका मुलाकडे परदेशी गेले, म्हातारे परत आले. मध्यंतरी मी कॉम्प्युटरची कसलीशी अपडेट करायला गेले होते, तेव्हा हॉलमध्ये एक नवे गृहस्थ बसलेले, गोरेगावहून कुणाच्या ओळखीने आलेले. बाबांनी पटावरचे मोहरे उचलले आणि मोजकेच परत मांडले. पांढऱ्याला दोन प्यादी जास्त.

"सांगा, काय होणार?"

"पांढरा जिंकणार."

बाबांनी मांडीवर थाप मारली. "चुकलात! बरोबरी! एफ आणि एच प्यादी, हत्तीची एंडगेम, बरोबरीच असते. घाटकोपरला आमचा मुलगा हाच डाव खेळला. मी दोरीपलीकडून बघत होतो. मला तेव्हाच कळलं होतं. पण त्याला कोण सांगणार? दोन प्यादी वर आहे म्हणून दुपारभर झगडत राहिला, वेडा. बाहेर आल्यावर रडायला लागला. मी म्हटलं, अरे, पुस्तकात बरोबरीच दिलीय. त्याला काही पटेना." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय गं, आठवतं ना?"

"नाही," मी म्हटलं. "असं झालं नव्हतं. तुम्ही त्याला मारलं होतंत. महिनाभर त्याला अर्धं जेवायला घातलं होतंत."

पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. बाबा हसले, अगदी मायेने.

"ही लहान होती तेव्हा," ते त्यांना म्हणाले, आणि काळा राजा कोपऱ्यातून उचलून बरोबरी कशी होते ते दाखवायला लागले. ते बरोबर दाखवत होते. एकही चाल चुकली नाही.